बंब अनुदानातून येईल. पण रात्री दोन वाजता तो चालवणार कोण?

फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी निघते आणि वस्तीवस्तीवर कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. त्याच सुमारास ऊन तापू लागते. वीजतारेची एक ठिणगी पडली, की वर्षभराची वैरण बघता बघता राख होते. गळीत हंगामात उसाच्या फडाचीही तीच गत. जळालेला ऊस कारखान्याला जातो, पण वजन घटते आणि पैशातही कपात होते. अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : बंब कुठपर्यंत आला?

म्हणूनच ‘अग्निशमनासाठी निधी आणू’ हे आश्वासन लहान शहरांत हमखास टाळ्या घेते. निधी मिळणे अशक्य नाही. पण मागणी बहुतेकदा गाडीची होते, ती चालवणाऱ्या माणसांची होत नाही. अडचण तिथेच आहे.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार आग विझवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींकडे मात्र अशी यंत्रणा नसते.

मंगळवेढा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे दोन लाख. त्यात शहराचा वाटा लहान. आग हुलजंती, निंबोणी किंवा भोसे इथे लागली, तरी फोन शहरातच येणार. म्हणजे एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या तिजोरीवर अख्ख्या तालुक्याची भिस्त.

पैसा कुठून येतो?

मोठा स्रोत केंद्राचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. त्यातले ५०० कोटी सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले गेले. महाराष्ट्रासारख्या राज्याने प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के वाटा उचलायचा असतो. हे पैसे थेट नगरपरिषदेला मिळत नाहीत. प्रस्ताव राज्यामार्फत जातो. आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. पुढे योजनेचे नाव बदलेल, पण अर्जाची वाट फारशी बदलणार नाही.

दुसरा स्रोत राज्याचा आणि जिल्ह्याचा : नगरविकास विभागाच्या योजना आणि जिल्हा वार्षिक योजना. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव, जागेचा उतारा, नकाशा व अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र असा कागदांचा प्रवास असतो.

अनुदानात काय बसत नाही?

केंद्राच्या योजनेचा भर नवी केंद्रे, प्रशिक्षण, साधने आणि तंत्रज्ञान यांवर आहे. जवानांचा दरमहा पगार, डिझेल आणि दुरुस्ती हा नगरपरिषदेच्या घरचा खर्च.

साधा हिशेब करा. एका पाळीत चालकासह सहा माणसे धरली, तर तीन पाळ्यांना अठरा लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की एकवीस. रजा आणि आजारपण वेगळेच. एवढी पदे आकृतिबंधात मंजूर नसतील, तर दिवसा पाण्याचा टँकर चालवणारा चालक रात्री बंबावर बसतो आणि पाईप धरायला सफाई विभागातला माणूस उभा राहतो. त्याच्या धाडसाबद्दल शंका नाही. प्रश्न त्याच्या जिवाचा आहे. मुंबईत राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आणि नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय असताना त्याला प्रशिक्षणाविना आगीसमोर उभे करणे हा अन्याय आहे.

वीस मिनिटे आणि दहा मिनिटे

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोहोचायला हवी. पंढरपूर मंगळवेढ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर. ताशी ५० चा वेग धरला तरी तिथला बंब यायला अर्धा तास.

पोहोचल्यावर दुसरे गणित सुरू होते. ४,५०० लिटरच्या टाकीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. मंगळवेढ्यासारख्या दुष्काळी तालुक्यात एप्रिलमध्ये ती पुन्हा भरायची कुठे, हे आधीच ठरलेले नसेल तर नवा कोरा बंबही बघ्याची भूमिका घेतो.

१८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. महापालिकेचे अग्निशमन दल असलेल्या शहरात हे घडले. तालुक्याच्या गावाने यातून गाड्यांच्या संख्येपलीकडचा धडा घ्यायला हवा.

‘आधी गाडी तर येऊ द्या’

हा युक्तिवाद नेहमी होतो आणि त्यात तथ्य आहे. पदमंजुरीला वर्षे लागतात. दारात गाडी असली की माणसांची मागणी पुढे रेटता येते. पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. हे घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून चालू होते. गाडी आगीवर गेली की शेडमध्ये उभी राहिली, हे ते बघत नाही. माणसांअभावी पाच वर्षे उभा राहिलेला बंब म्हणजे एक तृतीयांश अनुदान वाया.

मग प्रस्ताव कसा असावा?

पहिले पान नोंदवहीचे असावे : गेल्या तीन वर्षांत वर्दी किती, कोणत्या गावातून, पोहोचायला किती मिनिटे लागली. ही नोंद आजपासून ठेवायला एक रुपयाही लागत नाही आणि तीच मागणीचा सर्वांत मोठा पुरावा ठरते.

दुसरे पान माणसांचे. नगरपरिषद राज्यसेवेच्या २०२३ च्या भरतीत अग्निशमन सेवेचाही समावेश होता. गाडीच्या मागणीसोबतच पदांचा प्रस्ताव नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे जायला हवा.

तिसरे पान पाण्याचे : गावोगावच्या विहिरी, शेततळी, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांपैकी बंब कुठे भरता येतो.

चौथे पान भागीदारीचे. बंब तालुकाभर धावणार असेल, तर ग्रामपंचायती आणि साखर कारखाने यांनी वार्षिक खर्चातला वाटा लेखी करारानेच उचलायला हवा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात अग्निशमन सेवा शुल्काची तरतूद आहे. ते वसूल करून त्याच सेवेवर खर्च करणे नगरपरिषदेच्या हाती आहे.

निधी मंजूर झाल्याची बातमी येईल, बंबाला हार घातला जाईल, फोटोही व्हायरल होईल. त्या दिवशी मंगळवेढेकरांनी एवढेच विचारावे : आज रात्रपाळीला कोण आहे?