साडेचारची संध्याकाळ

माझी भाची दिब्रुगडला एका खासगी कंपनीत नोकरी करते. या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. मुंबईच्या मुख्य कार्यालयाने आठवड्याची बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवलीय. "मामा, थंडीत इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. बैठक संपेपर्यंत बाजार बंद, रस्त्यावर रिक्षा नाही. वेळ बदलून मागितली तर साहेब म्हणाले, तुमच्या तिकडचे लोक आरामातच असतात."

हे वाक्य मला फार लागलं. इतक्या सहज आपण एका अख्ख्या मुलखाचा स्वभाव ठरवून टाकतो, आणि तोही आपल्या हातातल्या घड्याळावरून!

हिशेब सोपा आहे. भारताची प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या आसपास. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. मुंबई त्या रेषेच्या पश्चिमेला, दिब्रुगड पूर्वेला, दोघांमध्ये सुमारे बावीस अंश. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळपास दीड तासाचा फरक, घड्याळात मात्र शून्य. जूनमध्ये तिकडे सव्वाचारच्या सुमारास उजाडतं आणि सरकारी कचेऱ्या उघडतात दहाच्या सुमारास. तोवर दिवसाचा सगळ्यात चांगला उजेड वाया गेलेला असतो.

आसामातल्या चहाच्या बागांनी यावर केव्हाच तोड काढली. तिथे 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. इंग्रज मळेवाल्यांनी तो सुरू केला आणि बऱ्याच बागांत तो आजही आहे. भाचीची एक मैत्रीण बागेतल्या दवाखान्यात काम करते. तिथल्या भिंतीवरचं घड्याळ बागेची वेळ दाखवतं आणि मोबाइल दिल्लीची. पेशंटला वेळ देताना दर वेळी "बागेचे नऊ" असं बजावून सांगावं लागतं. भल्या सकाळी भोंगा होतो, माणसं कामाला लागतात आणि उजेड आहे तोवर घरी परततात. आता सांगा, यात आराम कुठे आला? मुंबईचा माणूस रात्री दहाला जेवतो, कारण त्याचा दिवसच उशिरा मावळतो. दिब्रुगडचा माणूस आठला जेवतो, कारण तोवर त्याच्याकडे रात्र चांगली मुरलेली असते.

आणि हे मुंबईने बोलावं? जी मुंबई स्वतःच्या वेळेसाठी इतकी भांडली, तिने? १ जानेवारी १९०६ रोजी नवी प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती. लोकांनी ती सोडायला साफ नकार दिला. गिरणी कामगारांना तर अंधारातच घराबाहेर पडावं लागणार होतं. त्याच जानेवारीत एका गिरणीतल्या कामगारांनी काम बंद केलं. सभा झाल्या, अर्ज गेले. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ इथे लादून पाहिली होती. तीही लोकांनी टिकू दिली नाही. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही 'मुंबई टाइम' धरून ठेवला होता. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसं याच्या गोष्टी सांगत. कोणी वेळ कळवली, की "स्टँडर्ड की मुंबई?" हे आधी विचारावं लागे. तेव्हा या शहराला कोणी आळशी म्हटलं असतं, तर आपल्या आजोबांनी ऐकून घेतलं असतं का?

आसामची वेगळ्या वेळेची मागणीही जुनीच आहे. चित्रपट दिग्दर्शक जाह्नू बरुआ वर्षानुवर्षं त्यासाठी झटताहेत. २०१४ मध्ये मुख्यमंत्री तरुण गोगोईंनी ती जाहीरपणे मांडली, २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन वेळांचा रीतसर प्रस्ताव दिला. रेल्वेत गोंधळ होईल, अपघात होतील, हा मुख्य आक्षेप होता. त्यावर त्यांनी सीमारेषा बंगाल-आसामच्या हद्दीवर सुचवली. तिथे थोडीच स्थानकं लागतात, त्यामुळे घड्याळं बदलणं सांभाळता येईल.

ईशान्येला स्वतःची वेळ मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. ती मिळेपर्यंत निदान एवढं करा: तिकडच्या सहकाऱ्यांबरोबरची बैठक दुपारी तीनच्या आत संपवा.