बडतर्फ जवानाला अपिलाचे दार हवे

रणजित ठाकूर लष्करात सिग्नलमन होते. कमांडिंग ऑफिसरविरुद्ध थेट वरिष्ठांकडे तक्रार धाडली, म्हणून मे १९८५ मध्ये ते क्वार्टर गार्डच्या कोठडीत सक्तमजुरी भोगत होते. तिथे ‘जेवण घे’ असा हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही. लगेच समरी कोर्ट मार्शल भरले आणि वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी पदरी पडली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, तेच अधिकारी निवाड्याला बसले होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून त्यांना नोकरीत परत घ्यायला लावले.

पहाऱ्यावर झोपणाऱ्या जवानामुळे साथीदारांचा जीव जाऊ शकतो. तिथे कडक शिक्षा हवीच. पण सीआरपीएफच्या एका जवानाला रजेहून १२ दिवस उशिरा आल्याबद्दल घरी बसवले होते. ती शिक्षा जादा असल्याचे न्यायालयालाच सांगावे लागले.

लष्करातल्या जवानाला आता सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. कोर्ट मार्शलचा पुरावा ते तपासू शकते, शिक्षा कमीही करू शकते. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ मात्र त्या कायद्याबाहेर आहेत. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणही त्यांना नाही, कारण ही ‘संघराज्याची सशस्त्र दले’. म्हणजे एका कायद्याला या दलांचे जवान पुरेसे सैनिक वाटत नाहीत आणि दुसऱ्याला ते सैनिकच वाटतात. हा अन्याय मला अजिबात पटत नाही.

दलातले अपील फेटाळले की उरते उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिथे चौकशी नियमाने झाली का, निष्कर्षाला काही पुरावा आहे का, शिक्षा अगदीच अवाजवी आहे का, एवढेच पाहिले जाते. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हे तिथे नव्याने तोलत नाहीत. ते ठरवून टाकलेले असते दलातल्याच चौकशी अधिकाऱ्याने.

संसदेने या दलांनाही सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या कक्षेत आणावे. तोवर बडतर्फीचा आदेश हाती पडलेल्या जवानाने अपिलाची मुदत (सीआरपीएफ व सीआयएसएफमध्ये ३० दिवस) चुकवू नये. अपील लेखी द्यावे, पोच घ्यावी. चौकशी अहवालाची प्रत मिळाली नसेल, तर त्यामुळे बचावाला काय बाधा आली हे पहिल्याच पानावर लिहावे. ती प्रत मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्का केला आहे.