निर्बंध कुणाचे, बंधन कुणावर?

मरोदा जलाशयाच्या पाण्यावर चालणारा भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. रशियाशी असलेला हा जुना संबंध २०२२ नंतर वेगळ्या अर्थाने चर्चेत आला. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंध लादले. भारतीय पोलाद उद्योगात रशियन कोकिंग कोळशाचा वाटा मात्र वाढला.

यात कायदाभंग झाला काय? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ४१ नुसार सुरक्षा परिषदेने लादलेले निर्बंध सर्व सदस्यांवर बंधनकारक असतात. रशियाकडे नकाराधिकार असल्याने तसा ठराव होणे शक्यच नव्हते. उरले ते एकतर्फी निर्बंध, आणि ते भारत मानत नाही.

या भूमिकेमागे केवळ स्वस्त मालाचा मोह नाही. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांचा परिषदेने ठराव ११७२ द्वारे निषेध केला, निर्बंध लादले नाहीत. ते अमेरिकेने स्वतःच्या कायद्याने लादले आणि सप्टेंबर २००१ मध्ये उठवले. तेव्हाही भारताने अणुचाचणीबंदी करारावर स्वाक्षरी केलेली नव्हती!

आताची अडचण कायद्याहून व्यवहाराची अधिक आहे. डॉलरमधील देवघेव व जहाजांचा विमा यांवर पाश्चात्त्यांची पकड आहे. त्यामुळे कोळसा घेण्यास कायद्याची आडकाठी नसली, तरी त्याचे पैसे चुकते करताना भारतीय बँका कचरतात.