पासंग कोणी निवडायचा?



यंदा यात्रेतून आमच्या शाळेत यो-यो आले आणि आठवड्याभरातच स्टाफरूममध्ये त्यांच्यावर बंदी घालायचा विषय निघाला. कारणही तसंच होतं. सातवीतल्या एका मुलानं मोबाइलवर पाहून दोरीचं बोटातलं टोक सोडवलं आणि तिथं ट्रॅक्टरचा एक नट बांधला. मधल्या सुट्टीत तो फिरवताना नट शेजारच्या मुलाच्या भुवईवर बसला. दोन बोटं खाली लागला असता तर डोळाच गेला असता.

सहकारी म्हणाले, "सर, सगळे यो-यो कपाटात टाका. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण मी त्या मुलाला विचारलं, "नटच का बांधला?" तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मणी बांधला त दोरी ढिली पडे. नट बांधला त मस्त ताण येते."

हे ऐकून मी थांबलो. या पोरानं दोन वजनं वापरून पाहिली होती, फरक टिपला होता आणि कारणासहित निवड केली होती. निवड धोक्याची होती, पण विचार बरोबर दिशेनं चालला होता. प्रयोगवहीत आपण हेच तर शोधत असतो.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. नेहमीच्या यो-योची दोरी मधल्या बोटात फासानं अडकवलेली असते. दुसऱ्या प्रकारात बोट मोकळं असतं आणि दोरीच्या त्या टोकाला छोटंसं वजन बांधतात. यो-यो खाली गरगरत असताना वजन हातातून सोडायचं, दोरी हाताभोवती फिरू द्यायची आणि वजन पुन्हा झेलायचं. अमेरिकेतल्या स्टीव्ह ब्राउन या खेळाडूनं १९९९ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. आज जागतिक यो-यो स्पर्धेत तिचा स्वतंत्र गट आहे. त्या वजनासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे : पासंग. तराजूची पारडी सारखी करायला जे लहानसं वजन लावतात, तो पासंग. "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण सहज म्हणतो. पण या खेळात पासंग नीट निवडला नाही, तर चांगला यो-योही कामाचा राहत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. धोक्याची हद्द मोठ्यांनी आखावी, पण त्या हद्दीच्या आत पासंग मुलानंच निवडावा.

हे मला लगेच सुचलं नाही. आधी मी अगदी मास्तरकी केली. फळ्यावर लिहिलं : "पासंग हा यो-योच्या वजनाच्या साधारण सातव्या भागाइतका असावा." आमचे यात्रेतले यो-यो ३४ ग्रॅमचे भरले, म्हणजे पासंग ५ ग्रॅम. सगळ्यांना सारखे पासंग करून दिले. मुलांनी बांधले, दोन दिवस खेळले आणि सोडून दिले. कुणाला तो हलका वाटे, कुणाला जड, पण कुणी तोंड उघडून सांगितलं नाही. कारण उत्तर सरांनी दिलेलं होतं, आणि सरांचं उत्तर चुकत नसतं!

कोडं सोडवलं एका मुलीनं. ती म्हणाली, "सर, माहे आबाजी गोफणीत गोटा टाकाच्या आधी हातात तोलून पायतेत. लय गोटे फेकून देतेत." आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्वारीच्या राखणीला गोफण घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गोटा फार हलका असला तर लांब जात नाही, फार जड असला तर हात भरून येतो. कोणता गोटा बरा, ते त्याच्या हातालाच कळतं. आबाजींना जो हक्क शेतात आहे, तो मी नातीला वर्गात नाकारत होतो.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी फळ्यावर आकडा नव्हता, तीन अटी होत्या. एक, पासंग धातूचा, काचेचा किंवा दगडाचा नसेल. दोन, खेळणाऱ्याच्या चारही बाजूंना दोरीच्या दुप्पट अंतरात कुणी उभं राहणार नाही. तीन, रोज खेळण्याआधी दोरी आणि गाठ तपासायची. दोरी झिजली की बदलायची.

साहित्य काय? खोडरबर! साधारण ११ ग्रॅमचं एक मोठं खोडरबर घ्या, दाभणानं आरपार भोक पाडा आणि दोरी ओवा. गाठ रबरातून निसटू नये म्हणून तिच्याखाली शर्टचं जुनं बटण घाला. खोडरबर मऊ असतं, आणि पातळ काप काढत त्याचं वजन हवं तेवढं कमी करता येतं. ब्लेडचं आणि दाभणाचं काम शिक्षकानंच करावं. यात्रेतल्या काही यो-योंची दोरी मधल्या दांडीला घट्ट बांधलेली असते. ती सोडून दुहेरी दोरीचा सैल फास दांडीवर टाका, नाहीतर यो-यो खाली गरगरतच नाही. दोरी जमिनीपासून बेंबीपर्यंत पुरे.

वजन करायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम. तो नसेल तर मोजपट्टी, दोन झाकणं आणि नाणी घेऊन तराजू करा. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं आहे. एक रुपयाचं त्याच मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅम, तर २०१९ च्या मालिकेतलं ३.०९ ग्रॅम. "रुपया म्हणजे रुपया, मग वजन वेगळं कसं?" हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि दशांश अपूर्णांक आपोआप वर्गात येतात.

मुलांनी ११ ग्रॅमपासून सुरुवात केली. एक काप काढायचा, दहा वेळा खेळायचं, वहीत लिहायचं : दोरी ताणलेली राहते का? पासंग झेलता येतो का? यो-यो जागेवरून ओढला जातो का? शेवटी बहुतेक मुलं ४ ते ७ ग्रॅमच्या मध्ये थांबली. गोफणवाली मुलगी ४ वर थांबली, नटवाला मुलगा ७ वर. माझा फळ्यावरचा ५ या दोघांच्या मध्येच होता, म्हणजे तो खोटा नव्हता. पण तो त्यांचा नव्हता. हाताचा आकार, दोरीची लांबी, फिरवण्याचा वेग हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

यातलं गणित सांगायला मात्र शिक्षक हवाच. यो-यो आणि पासंग दोरीच्या दोन टोकांना असतात तेव्हा ती जोडी तरफेसारखी तोलता येते. यो-यो ३४ ग्रॅम आणि नट १७ ग्रॅम असेल, तर तोलाचा बिंदू यो-योपासून दोरीच्या एक तृतीयांश अंतरावर येतो. म्हणजे ९० सेंटिमीटर दोरीत ३० सेंटिमीटरवर. पासंग ५ ग्रॅमचा केला की तोच बिंदू यो-योपासून साधारण साडेअकरा सेंटिमीटरवर सरकतो. मग यो-यो जवळजवळ जागेवर राहतो आणि पासंग त्याच्याभोवती फिरतो. पासंग जड असेल तर तो यो-योलाच ओढत नेतो. फारच हलका असेल तर दोरी ताणलीच जात नाही. गुणोत्तराचा धडा मी याआधी इतक्या शांततेत कधी शिकवला नव्हता.

आणि नटाची गोष्ट? तीही मुलांनीच सांगितली. वेग दुप्पट झाला की माराची ऊर्जा चौपट होते, हे कळल्यावर त्या मुलानं आपला नट स्वतःहून आणून माझ्या टेबलावर ठेवला. भुवईवर लागलेल्या मित्राला पहिलं खोडरबर त्यानंच कापायला सांगितलं. बंदी घातली असती तर तो नट शाळेच्या कपाटात न जाता नदीकाठी गेला असता, आणि तिथं अंतर मोजायला कुणी नसतं.

"अभ्यासक्रमाला वेळ कुठे आहे?" असं काही जण म्हणतील. मला या सगळ्याला चार तासिका लागल्या. त्यात गुणोत्तर, दशांश, तरफ आणि निरीक्षण लिहिणं एवढं झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळातून शिकण्याचा उल्लेख आहे, आणि पद्मश्री अरविंद गुप्ता तर कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवत आले आहेत. आपल्याला नवीन काही आणायचं नाही, फक्त जप्त केलेलं खेळणं कपाटातून बाहेर काढायचं आहे.

पालकांनाही एक विनंती. पोरानं काही जड, टोकदार किंवा भलतंच बांधलेलं दिसलं तर ते आधी काढून घ्या, तिथं दुमत नाही. पण ओरडण्याआधी एकदा विचारा, "हेच का निवडलंस?" बऱ्याच वेळा त्याच्याकडे उत्तर तयार असतं. आपण विचारत नाही, म्हणून ते सांगत नाही.

आमच्या शाळेत यो-यो आता कपाटात नाहीत. कपाटात एक नट आहे. दरवर्षी नव्या सातवीला तो हातात देऊन मी विचारणार आहे : हा चालेल का? आणि का नाही?