वाया गेलेल्या मुलीचा मास्तर कुठे आहे?

उनाड, मारामाऱ्या करणारी, पोलिसांत नाव गेलेली मुलं आणि त्यांना पदराखाली घेणारा चाकोरीबाहेरचा शिक्षक, ही गोष्ट आपल्या समाजाला फार आवडते. बाळकुमच्या ज्या वस्तीत मी काम करते तिथली नववी-दहावीची मुलं मोबाइलवर जपानी मालिका बघतात, त्यांतही हीच गोष्ट असते. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण एकदा मुलींच्या बाजूने तपासून पाहायला हवी.

आधी आपल्याकडचं पाहू. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ २००२ साली आला. ‘ढ’ म्हणून शेवटच्या तुकडीत टाकलेली मुलं अपमान असह्य होऊन शाळेत तोडफोड करतात. देशमुख सर त्यांना शिक्षेच्या हवाली करून मोकळे होत नाहीत, त्या रागाचं मूळ शोधतात. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’मागे नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचं काम आहे. त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायाशी फुटबॉल आणून ठेवला. ‘झुंड’मध्ये मुलीही आहेत. ओळखीच्या कागदासाठी वणवण करणारी गोंड मुलगी मनातून जात नाही. तरीही बिघडणं आणि सावरणं हा प्रवास मुख्यतः मुलग्यांच्याच वाट्याला येतो.

जपानी मालिकांचं वेगळं नाही. ‘जीटीओ’चा नायक ओनिझुका पूर्वी मोटारसायकलवाल्या टोळीत होता. ही चित्रकथा १९९७ मध्ये सुरू झाली आणि १९९८ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. तो मुलांसाठी जीव धोक्यात घालतो हे खरं, पण मूळ चित्रकथेत शाळकरी मुलींकडे चोरून बघण्याची त्याची सवय चक्क विनोद म्हणून येते. २००२ सालच्या ‘गोकुसेन’ मालिकेत शिक्षिका बाई आहे, गुंडांच्या घराण्यात वाढलेली आणि दहाजणांना लोळवणारी. पण तिचा वर्ग आहे सगळा मुलग्यांचा! बाई नायिका झाली, तरी दुसरी संधी मिळाली ती मुलग्यांनाच.

अपवाद आहे तो जुना. १९७९ साली सुरू झालेल्या ‘किनपाची सेन्सेई’च्या पहिल्याच मालिकेत पंधरा वर्षांची एक विद्यार्थिनी आई होते आणि शिक्षक तिच्या पाठीशी उभा राहतो. पुढच्या मालिकेत एका दांडगट मुलाला ‘सडकं संत्रं’ म्हटलं जातं. आपण म्हणतो, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. फरक एवढाच, की आपल्याकडे मुलगा नासका ठरायला काचा फोडाव्या लागतात, मुलीला एक चिठ्ठी पुरते.

गेल्या काही वर्षांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मारामारी करणाऱ्या मुलाच्या बापाला शाळेत बोलावतात, समज देतात, ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतात. त्याच वर्गातल्या मुलीच्या दप्तरात मोबाइल सापडला, त्यात कुणा मुलाचे निरोप निघाले, की घरचेच शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळा तो निमूटपणे देते, सुटल्यासारखी. मग मुलगी घरात, मावशीच्या गावी, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत स्थळं. तिने कुणाला मारलं नाही, काही फोडलं नाही. तिच्या नावावर गुन्हा नाही, म्हणून तिच्यासाठी सुधारणाही नाही. ‘वाया गेली’ एवढ्या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो.

कायदा इथे अर्ध्या वाटेवर हात सोडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मुलीवर संशयाची नजर पडते ती नेमकी नववीत. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, पण तो लग्न ठरल्यावर आठवतो. शाळा सुटते तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

असा शिक्षक आपल्या परंपरेत नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते ज्या विधवांना समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलं होतं त्यांच्यासाठी. त्यांतल्याच काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला. मुलींची शाळा काढणारी बाईच बदनाम झालेल्या बाईलाही दार उघडते. ही दोन कामं तिच्या लेखी वेगळी नव्हती. आपण शाळा तेवढी उचलली आणि दार विसरलो.

म्हणून संघटनांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. नववीनंतर मुलीचा दाखला मागितला गेला, तर तो देण्याआधी शाळेने मुलीशी एकटीशी बोलावं, असा आग्रह धरावा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तिथे बसणाऱ्या आपल्या बायांनी केवळ सह्या न करता गळालेल्या मुलींची यादी मागावी. आणि ज्या घरी बसल्या आहेत, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवावं. त्यासाठी मारामारी करणारा नायक लागत नाही. वेळेवर दारात जाऊन उभी राहणारी एक बाई लागते.