साहेबाला कोच, आपल्याला कोण?

आपल्या वस्त्यांमधल्या मुली आता मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. करू लागल्या आहेत. आईबापांचा प्रश्न सरळ असतो: हे शिकून पोरगी पुढं काय करणार? रस्ते दोन आहेत. एक दवाखान्याचा आणि दुसरा कंपनीचा. पुष्कळ जण पहिल्यावरून सुरुवात करतात आणि काही वर्षांनी दुसऱ्यावर निघून जातात. का जातात, आणि गेल्यावर आपल्या वाट्याला काय उरतं, हे आरोग्याच्या पानावर बोललंच पाहिजे.

आधी दवाखान्याचं. गोळी-औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळी देत नाही. तपासणी करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्यासाठी नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेलं शिक्षण आणि परिषदेकडं नोंदणी लागते. या शिक्षणात रुग्णालयात बसून काम करावं लागतं. सरकारी रुग्णालयात समोर कोण येतं? दारूनं घर मोडलेला हमाल, बाळंतपणानंतर रडू न थांबणारी बाई, कर्जात बुडालेला माणूस, परीक्षेच्या भीतीनं जेवण सोडलेलं पोर. कुठं विचारायचं आणि कुठं नुसतं गप्प बसायचं, हे त्या तज्ज्ञाला पुस्तकापेक्षा या माणसांनी शिकवलेलं असतं. या शिक्षणात गरिबाचा वाटा मोठा आहे. पदवीवर तो कुठं छापलेला नसतो, एवढंच.

आता कंपनी. मोठ्या पगाराच्या साहेबासोबत महिन्यातून एक-दोन वेळा तासभर बसायचं. हाताखालच्यांशी कसं बोलावं, राग कसा आवरावा, निर्णय घेताना भीती का वाटते, हे त्याच्याशी बोलून उलगडायचं. याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. हा धंदा अमेरिकेत वाढला. तिथं 1995 साली कोच लोकांचा संघही निघाला. आता मुंबई, पुणे, बंगळूरमध्ये चांगलाच रुजला आहे. मुरलेल्या कोचची एका तासाची फी आपल्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त असते, आणि ती कंपनी भरते.

मग दवाखान्यातला माणूस तिकडं का जाणार नाही? जिल्हा पातळीवर या कामाच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांची ऑर्डर, पुढं मुदतवाढीची वाट, बाहेर रुग्णांची रांग. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेल्या पोरीनं कंपनीचा रस्ता धरला तर तिला ‘पैशापायी गेली’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोष जागा कायम न करणाऱ्यांचा आहे.

मात्र कोचिंगबद्दल एक खटकतं. आपली पोरं वाळूजला, चाकणला कंत्राटी कामावर आहेत. साहेब कोचकडून शांतपणे बोलायला शिकला तर बरंच आहे, शिवी तरी कमी ऐकू येईल. पण बारा तासांची पाळी बारा तासांचीच राहते, आणि पाळीचा प्रश्न कोचच्या तासात बहुधा निघत नाही. फी कोण भरतं यावर बोलणं कुणाच्या सोयीचं व्हायचं ते ठरतं.

एक गोष्ट मात्र साहेबाकडून घ्यावी. तो कोचकडं जातो आणि चारचौघांत ते मिरवतो. आपल्यातली बाई मनाच्या डॉक्टरकडं गेली तर गल्ली म्हणते, “डोक्यावर परिणाम झाला वाटतं.” काही घरं तर अजूनही आधी देवऋषीचा उंबरा झिजवतात, बावीस प्रतिज्ञा पाठ असूनही. दोघंही समोरच्या खुर्चीवर बसून मनातलंच सांगतात. साहेबाच्या खुर्चीला ‘कोचिंग’ म्हटलं म्हणून लाज गेली. आपणही नाव बदलावं, ‘बोलायला गेले होते’ म्हणावं.

दोन्ही रस्ते एकत्र चालता येतात याचं जवळचं उदाहरण ठाण्याचं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी 1990 साली आयपीएच ही संस्था उभी केली. ते कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतात आणि रुग्णांचं कामही चालू ठेवतात. संस्थेत स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या कुटुंबांसाठी ‘त्रिदल’ नावाचा आधारगट आहे. ‘आवाहन’ या त्यांच्या यूट्यूब वाहिनीवरची मराठी भाषणं फोनवर फुकट ऐकता येतात. म्हणजे कंपनीत गेल्यावर दवाखाना सोडलाच पाहिजे असा नियम नाही. आपल्या शिकलेल्या मुलींना हे सांगावं.

तालुक्याच्या गावांत दुसराच प्रकार दिसतो. ‘माइंड कोच’, ‘लाइफ कोच’ अशा पाट्या. कोच म्हणवून घ्यायला आपल्या देशात परवाना लागत नाही, आठ दिवसांचा कोर्स केलेलाही पाटी लावतो. झोप उडाली, कानात आवाज येतात, जगावंसं वाटत नाही, अशा माणसाला तिथं नेऊ नका. त्याला उपचार लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तो रागावत नाही.

परभणीत हे सारं का बोलायचं, ते वेगळं सांगायला नको. 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. मग वस्त्यांवर पोलिसांची कारवाई, आणि 15 तारखेला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. न्यायाची लढाई कोर्टात चालते. पण दार वाजलं की दचकणं, पोरानं रात्री अंथरूण ओलं करणं, शाळेला जायला नको म्हणणं, ही अशा घटनेनंतरची मनाची ओळखीची लक्षणं आहेत, आणि ती वर्ष उलटल्यावरही दिसू शकतात. मोठ्या कंपनीत अपघात झाला तर कामगारांशी बोलायला समुपदेशक बोलावतात. वस्तीसाठी तो मागावा लागतो.

मागायला कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 18: सरकारी मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो मोफत मिळाला पाहिजे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं. परभणीहून यातलं एकही जवळ नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयातली सेवा भक्कम असणं आपल्या गरजेचं आहे. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक फिरवा. मराठीत बोलता येतं.

शिवाय प्रत्येक दुःखाला मोठा तज्ज्ञ लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना ऐकायचं शिकवलं, जड रुग्ण पुढं डॉक्टरांकडं पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरात चारांच्या आसपास माणसं मदतीपर्यंत पोचत होती. दीड वर्षात ती सत्तावीसवर गेली. ही माहिती 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आपल्या महिला मंडळात अशा बाया आहेत, ज्यांच्यापाशी सगळी गल्ली मन मोकळं करते. त्यांना चार दिवसांचं नीट प्रशिक्षण मिळालं तर?

विहाराची खोली आपलीच आहे. रविवारी वंदनेनंतर एक तास ती मोकळी ठेवावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकानं महिन्यातून एकदा तिथं बसावं, असा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं करावा. अर्जात वस्तीचं नाव, घरांची संख्या, वार आणि वेळ लिहा, खाली बायकांच्याही सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.