शाळेची बातमी किती दूर जाते?



मी शाळेत होतो तेव्हा आमच्या व्हरांड्यात एक फळा टांगलेला असे. रोज सकाळी परिपाठाच्या आधी चांगल्या अक्षराचा एखादा विद्यार्थी त्यावर सुविचार, दिनविशेष आणि शाळेची बातमी लिहीत असे. 'आठवी ब मधील अमुक विद्यार्थी तालुका वक्तृत्व स्पर्धेत पहिला' अशी ओळ ज्याच्याबद्दल असे, त्याला दिवसभर स्वर्ग दोन बोटे उरे. दुसऱ्या दिवशी ओले फडके फिरे आणि ती बातमी पुसली जाई. पदार्थविज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर त्या बातमीला दोन मर्यादा होत्या. नजर पोहोचेल तेवढ्याच अंतरापर्यंत ती जाई आणि फडके फिरेपर्यंतच ती टिके.

आज तीच बातमी मोबाइलवरून जाते. अंतराची मर्यादा गेली आणि काळाचीही गेली. बातमी लिहिण्याची आपली पद्धत मात्र फळ्याच्या काळातलीच राहिली. मला वाटते, मुलांच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न येथे आहे. बातमी पाठवण्यापूर्वी ती कुठवर जाईल आणि तिच्यातून काय काय कळेल, याचा हिशेब करणे हा विज्ञानाचा धडा आहे. तो शाळेत शिकवला गेला पाहिजे. मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेतल्याने तो शिकवला जात नाही.

एक दूरध्वनी

गेल्या वर्षी माझ्या आठवीतल्या भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरे बक्षीस मिळाले. चार दिवसांनी माझ्या बहिणीला एका अनोळखी माणसाचा फोन आला. 'ताई, तुमच्या मुलीने पाणी शुद्ध करण्याचा फार छान प्रयोग केला. तिला शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे.' मुलीचे नाव, इयत्ता, तुकडी, प्रयोगाचा विषय, सारे त्याने बिनचूक सांगितले. मग म्हणाला, 'आता तुमच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येईल, तेवढा मला सांगा.' बहीण सांगायच्या बेतात होती. शेजारी बसलेली भाची म्हणाली, 'आई, पैसे ते आपल्याला देणार आहेत ना? मग आकडा आपल्याकडून कशाला हवा?' बहिणीने फोन ठेवला. बँकेतले पैसे वाचले.

पण त्या माणसाला हे सगळे कळले कसे? आम्ही शोध घेतला तेव्हा कोणी चोरी केल्याचे आढळले नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शाळेने कौतुकाने टाकलेल्या छायाचित्राखाली मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी होती. एका पालकाने ते छायाचित्र वसाहतीच्या गटात पाठवले होते आणि एका नातेवाइकाने फेसबुकवर सर्वांना दिसेल असे लावले होते. तेथे अभिनंदन करताना कोणी बहिणीचे नाव लिहिले, तर कोणी मोबाइल क्रमांक विचारला आणि तो कोणी तरी तेथेच देऊनही टाकला. प्रत्येकाचा हेतू चांगला होता. एकानेही सगळे सांगितले नव्हते. सगळ्यांनी मिळून मात्र सगळे सांगून टाकले होते.

तीन वर्तुळांची गोष्ट

हे कसे घडते ते कंपासपेटी उघडून पाहू. तुमच्या गावाचा नकाशा घ्या. समजा, एक मुलगा शाळेपासून बरोबर २ किलोमीटरवर राहतो एवढेच तुम्हाला माहीत आहे. शाळा केंद्र धरून वर्तुळ काढा. त्याचे घर त्या वर्तुळावर कुठेही असू शकेल. आता कळले की ते घर रेल्वे स्थानकापासून ३ किलोमीटरवर आहे. दुसरे वर्तुळ काढा. ते पहिल्याला जास्तीत जास्त दोन बिंदूंत छेदेल. शाळा आणि स्थानक यांच्याशी एका रेषेत नसलेल्या तिसऱ्या ठिकाणापासूनचे अंतर कळले की एकच बिंदू उरतो. तीन साधी अंतरे आणि घर सापडले! आपल्या मोबाइलमधील जीपीएस याच तत्त्वावर चालते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपासूनची अंतरे तो मोजतो. मोबाइलचे घड्याळ उपग्रहाइतके अचूक नसते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून तेथे चौथा उपग्रहही लागतो.

माहितीचेही असेच आहे. शाळेचे नाव कळले तर समजा हजार मुले उरतात. इयत्ता आणि तुकडी कळली की पन्नास उरतात. 'विज्ञान प्रदर्शनात दुसरे बक्षीस' म्हटले की एकच उरते. हजारावरून पन्नास आणि पन्नासावरून एक. यातले कोणतेही वाक्य वाचून कोणी दचकणार नाही. धोका त्या वाक्यांच्या छेदबिंदूत असतो. त्यात 'उद्या पहाटे साडेपाचला अमुक चौकातून सहलीची बस सुटेल' हे वाक्य मिळाले की, ते मूल कोणत्या वेळी कुठे असेल हेही ठरते.

आणखी एक वर्तुळ तर आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ आणि परवानगी दिलेली असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावर एकाचा फरक पडला तर तो फक्त ११ मीटरचा असतो. म्हणजे गाव तर कळतेच, घरही कळते. काही अ‍ॅप छायाचित्र पाठवताना ही नोंद काढून टाकतात, पण मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली तर ती सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थानाची नोंद बंद करता येते. हे काम दोन मिनिटांचे आहे. आज संध्याकाळी घरच्या मोबाइलवर करून पाहा.

'गट आपलाच आहे'

यावर पुष्कळ शिक्षक आणि पालक म्हणतात, 'अहो, पण गट आपलाच आहे. त्यात बाहेरचे कोणी नाही.' गटाला दार असते हे खरे, पण भिंती नसतात. एका माणसाने निरोप पाच जणांना धाडला, त्या प्रत्येकाने आणखी पाच नव्या माणसांना, असे चालले तर पाचव्या फेरीत ३,१२५ आणि दहाव्या फेरीत ९७ लाख ६५ हजार ६२५ माणसांच्या हाती तो पडतो. प्रत्यक्षात सगळेच पुढे पाठवत नाहीत आणि तीच तीच माणसे पुन्हा येतात. म्हणून आपण थोडा वास्तव हिशेब करू. समजा, १०० माणसांकडून निरोप मिळून १२५ नव्या माणसांकडे जातो. दर फेरीला सव्वापट, तर दहाव्या फेरीत ९३१ माणसे होतात. आता यातल्या काहींनी हात आवरला आणि १०० माणसांकडून फक्त ८० जणांकडे गेला, तर दहाव्या फेरीत जेमतेम ११ उरतात आणि साखळी विझते.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवली, तेव्हा सारी मदार याच गुणकावर होती. तो एकाहून जास्त झाला की प्रक्रिया वाढत जाते आणि एकाहून कमी झाला की थांबते. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या आत-बाहेर सरकवून त्यांनी तो ताब्यात ठेवला. मित्रहो, निरोपांच्या साखळीत ती कांडी म्हणजे तुम्ही आहात. 'मी एकट्याने थांबून काय होणार?' असे म्हणू नका. गुणक एकाच्या जवळ असला की थोड्याशा माणसांच्या थांबण्यानेही तो एकाच्या खाली येतो.

ही केवळ कागदावरची गणिते नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे गरीब लोक होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत फिरलेली एक चित्रफीत तर मूळची कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. दुचाकीवरून मुलाला उचलून नेणारी माणसे मूळ फितीच्या शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणी तरी तो शेवट कापला आणि उरलेली फीत खरी म्हणून सोडून दिली. मुलांना जपण्यासाठी केलेली वस्तू माणसे मारण्याच्या कामी आली. ती पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण मुलांचे भलेच करतो आहोत असे वाटत असणार. चांगला हेतू हा हिशेबाला पर्याय होत नाही.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यामुळे अशा निरोपांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. यंत्रात बसवलेली ही कांडी उपयोगी आहेच, पण माणसाच्या मनातली कांडी तिच्याहून लवकर चालते.

मग बातमी द्यायचीच नाही का?

द्यायची. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. आडगावच्या लहान शाळेला तर बातमीमुळेच मदत मिळते आणि मुलांना हुरूप येतो, हे मी जाणतो. मात्र बातमीतले एखादे वर्तुळ आपण पुसू शकतो. छायाचित्र प्रयोगाचे द्यावे, प्रयोग करणाऱ्याच्या छातीवरील ओळखपत्राचे नको. पूर्ण नाव, तुकडी आणि चेहरा एकत्र देऊ नयेत. सहलीची बातमी सहल परतल्यावर द्यावी आणि आधीची सूचना ज्याच्या त्याच्या पालकाला स्वतंत्र द्यावी. गुणपत्रिका आणि हजेरीची पाने गटात टाकू नयेत. आणि मुख्य म्हणजे ज्याचे छायाचित्र आहे त्या मुलाला विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कायदा पालकांची संमती सांगतो. मी म्हणतो, पालकांना विचारा आणि मुलालाही विचारा. त्याचा चेहरा त्याचा आहे आणि ते छायाचित्र त्याला पुढे पन्नास वर्षे पुरणार आहे.

आता एक गोष्ट शिक्षकांना आणि पालकांना उद्देशून. मूल संकटात सापडल्यावर गप्प का बसते, याचा कधी विचार केला आहे? कोणी अनोळखी माणूस गोड बोलून छायाचित्र मागतो, मग तेच सगळ्यांना दाखवीन अशी धमकी देतो. मुलाला त्या माणसाची जितकी भीती वाटते, तितकीच घरी सांगितले तर मोबाइल काढून घेतील आणि मार बसेल याचीही वाटते. धमकी देणाऱ्याचे सारे बळ या दुसऱ्या भीतीत आहे. ते काढून घेणे आपल्या हाती आहे. 'काहीही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही' हे वचन मुलाला आजच द्या आणि ते पाळा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर असा प्रसंग आला तर पैसे देऊ नका आणि आणखी छायाचित्रेही पाठवू नका. आलेले निरोप पुसू नका, तो पुरावा आहे. विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक. चूक तुमची असली तरी गुन्हा त्या माणसाचा आहे, हे विसरू नका.

शेवटी एक प्रयोग सांगतो. आपल्या शाळेच्या मागील दहा बातम्या मिळवा. प्रत्येकीत शाळा, पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी, चेहरा, ठिकाण आणि वेळ यांपैकी किती गोष्टी आहेत ते मोजा आणि तक्ता करा. तीन किंवा अधिक असतील तेथे लाल खूण करा. तो तक्ता वर्गशिक्षकांना दाखवा आणि कोणती एक गोष्ट वगळली असती तरी बातमी तितकीच चांगली झाली असती, यावर वर्गात चर्चा करा. माझ्या भाचीच्या वर्गाने हे केले तेव्हा दहापैकी सात बातम्यांवर लाल खूण पडली. आता त्यांच्या शाळेत बातमी पाठवण्यापूर्वी आठवीतील दोन विद्यार्थी ती वाचून पाहतात. बातम्या पूर्वीइतक्याच येतात. ज्यांच्याबद्दल त्या असतात त्यांना अजूनही स्वर्ग दोन बोटेच उरतो.